डिसेक्शन की प्रोसेक्शन : शरीररचना शिकण्याच्या पसंतीची पार्श्वभूमी

शरीररचनाशास्त्र कसं शिकायला आवडतं, असं वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारलं की ‘बॉडीवर’ हे उत्तर हमखास येतं. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण या एका शब्दात दोन कामं आहेत. डिसेक्शनमध्ये विद्यार्थी स्वतः थर उलगडतो. प्रोसेक्शनमध्ये जाणकाराने आधीच सोडवून ठेवलेला भाग हाताळतो. मराठीत ‘शवविच्छेदन’ म्हटलं तर आणखी पंचाईत, कारण मृत्यूचं कारण शोधण्याच्या तपासणीलाही तोच शब्द रूढ आहे.

काखेत हा फरक लख्ख दिसतो. ब्लेड जरा खोल गेलं तर कातडीबरोबर तिच्या बारीक नर्व्ह सोलून निघतात. पुढे चरबी काढताना पहिला बळी जातो तो बहुधा काखेच्या आणि दंडाच्या आतल्या कातडीची संवेदना नेणाऱ्या इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्हचा. ती काखेतून आडवी जाते आणि मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मलिन या द्रवामुळे चरबीसारखीच फिकट दिसते. ती वाचवायची तर बंद कात्री आत सरकवून, नर्व्हच्या लांबीला धरून पाती हळूच उघडायची. प्रोसेक्शनमध्ये तीच नर्व्ह मोकळी, स्वच्छ, दहा मिनिटांत पाहून होते. ती कशात दडली होती हे मात्र हाताला कळत नाही. दोन्हींना पसंतीच्या एकाच रकान्यात घालणं म्हणूनच चूक आहे.

या दोन पद्धतींमागे मोठा इतिहास आहे. 1543 मध्ये व्हेसेलियसच्या छापील सचित्र ग्रंथाने शिक्षकालाच डिसेक्शनच्या टेबलाशी उभं केलं. 1832 च्या ब्रिटिश कायद्याने बेवारस मृतदेह वापरायला वाट दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फॉर्मलिन आलं आणि एक बॉडी महिनोन्‌महिने टिकू लागली. द्रव धमनीतून सोडतात. तो मेंदूपर्यंत नीट पोचला नाही तर मेंदू लगद्यासारखा निघतो.

1977 मध्ये प्लास्टिनेशन, म्हणजे पाणी आणि चरबीच्या जागी प्लास्टिक भरण्याची पद्धत, आलं : कोरडा, वास नसलेला, पण ताठ नमुना. 1994 मध्ये एका पुरुषदेहाचे 1 मिलिमीटर जाडीचे 1871 छेद संगणकावर खुले झाले. पुढच्या अनेक त्रिमितीय प्रतिमा त्यांवरच उभ्या राहिल्या. 2002 मध्ये ब्रिटनमधलं एक नवं महाविद्यालय मृतदेहाशिवायच सुरू झालं, आणि या निर्णयावरचा वाद अजून शमलेला नाही. 2004 मध्ये फॉर्मलिनमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक ठरल्याने मृतदेहाशिवाय शिकवण्याच्या बाजूला बळ मिळालं. तरी मुळात डिसेक्शन मागे पडलं ते तासिका घटल्यामुळे, आणि चर्चेत हेच कारण सर्वांत कमी ऐकू येतं.

2020 मध्ये कोविडमुळे डिसेक्शन हॉल बंद पडले तेव्हा अ‍ॅपवरच भागवावं लागलं. अ‍ॅप उजळणीला उत्तम. पण त्यात दंडातली ब्रेकियल धमनी सहसा कोपराखालीच दुभंगते. टेबलावर ती कधी काखेजवळच फुटलेली सापडते. परीक्षा जवळ आली की मात्र पसंती प्रोसेक्शनकडे झुकते, कारण स्पॉटरची, म्हणजे टाचणी लावलेला भाग ओळखण्याच्या परीक्षेची, टाचणी बहुधा त्याच नमुन्यात खोचलेली असते.