जनगणनेतील प्रत्येक स्थलांतरित परप्रांतीय नसतो

जनगणनेतील स्थलांतरितांचा आकडा म्हणजे गोव्यात आलेल्या परप्रांतीयांचा आकडा, हा समज निवडणुकीच्या भाषणांतून इतका रुजला आहे की तो तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटत नाही. वस्तुतः ज्याचे पूर्वीचे वास्तव्य दुसऱ्या गावात वा शहरात होते, अशा प्रत्येकाला जनगणना स्थलांतरित मानते. त्यामुळे पेडण्याहून लग्न होऊन डिचोलीत आलेली सूनही त्यात मोजली जाते, आणि नोकरीसाठी काणकोण सोडून मडगावी स्थायिक झालेला तरुणही. देशभरात स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच आहे. पुढारी हा एकत्रित आकडा ‘लोंढा’ म्हणून मांडतात, तेव्हा आपल्याच लेकीबाळी परक्या ठरतात, आणि हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. परराज्यांतून आलेल्यांची संख्या जनगणनेच्या तक्त्यांत स्वतंत्रपणे दिलेली असते आणि ती एकत्रित आकड्यापेक्षा अर्थातच लहान असते.