उपचारांच्या टीममधला ड्रायव्हर

विमा असला की उपचार आपोआप मिळतात, हा समज मला घातक वाटतो. उतारवयात मुलांपाठोपाठ अमेरिकेत गेलेल्या गरीब माणसांचंच पाहा. ६५ वर्षांपुढच्यांसाठी असलेल्या मेडिकेअरमधला रुग्णालयाचा विमा विनाहप्ता मिळायला स्वतः किंवा जोडीदाराने तिथे सुमारे १० वर्षं काम करून कर भरलेला लागतो. गरिबांसाठीच्या मेडिकेडकरता, १९९६च्या कायद्यामुळे, बहुतेक ग्रीनकार्डधारकांना ५ वर्षं थांबावं लागतं. एवढं करून विम्याचं कार्ड हाती आलं, तरी तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण उतरवणार? आणि दम लागतो हे डॉक्टरला कुठल्या भाषेत सांगणार?

यावरचं मला सर्वांत पटलेलं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलं आहे. दंतवैद्य विल्यम गी आणि समाजसेविका मारी-लुईस अन्साक यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘ऑन लोक’ ही संस्था उभी राहिली. चिनी, इटालियन, फिलिपिनो वृद्धांना सकाळी गाडीने केंद्रात आणायचं. तिथे डॉक्टर, व्यायाम, ओळखीचं जेवण, ओळखीची भाषा. मग परत घरी. याच नमुन्यावरची ‘पेस’ योजना १९९७च्या कायद्याने मेडिकेअरचा कायमचा भाग झाली.

तिची मेख पैशांच्या रचनेत आहे. संस्थेला माणशी दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि रुग्णालयासकट सगळा खर्च त्यातूनच करायचा असतो. न्हाणीघरात धरायला दांडा बसवणं खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून दांडा बसतोच. योजनेच्या नियमांत ११ भूमिकांची टीम ठरवून दिली आहे. तीत डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ यांच्या बरोबरीने गाडीचा ड्रायव्हरही आहे.

ड्रायव्हर कशाला? हृदयाचा पंप अशक्त झाला की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. शरीरात पाणीच कमी आहे असं समजून ती रेनिन सोडतात. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, त्याच्या इशाऱ्याने अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडतात आणि मीठ-पाणी शरीरातच अडवलं जातं. थकलेल्या हृदयावर आणखी बोजा! हे पाणी पावलांत उतरतं, फुप्फुसांत साठतं. रुग्णालयात दाखल करायची वेळ येण्याच्या कित्येक दिवस आधी बूट घट्ट होतात, जिन्यावर मध्येच थांबावं लागतं. रोज हात धरून उतरवणाऱ्याला हा फरक दिसतो. त्याने तो टीमच्या बैठकीत सांगितला, तर लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस बदलून काम भागू शकतं.

हल्ली प्रत्येक दुखण्यावर ॲपचा उतारा सुचवला जातो. ज्याला पडद्यावरची लिपीच वाचता येत नाही, त्याला ॲप काय विचारणार? मेडिकेडचा अर्ज भरून देणारी, मुदत संपण्याआधी नूतनीकरणाची आठवण करणारी समाजसेविका तिथे जास्त उपयोगी पडते.

मात्र ज्यांची ती ५ वर्षं अजून सरलेली नाहीत आणि ज्यांच्याकडे मेडिकेअरही नाही, त्यांना ‘पेस’चा सगळा मासिक खर्च स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. गरीब घराला तो झेपत नाही, आणि गाडी त्यांच्या दारापुढून निघून जाते.