दाण्याचा रंग

बाभळीचा काटा पायात मोडला की माणूस तो सुईने उकरून काढतो, वर हळद दाबतो आणि कामाला लागतो. बहुतेकदा गोष्ट तिथेच संपते. क्वचित मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच जागी एक टणक गाठ येते. ती दुखत नाही आणि तिथेच घात होतो. अनवाणी चालणारा माणूस न दुखणाऱ्या गाठीसाठी दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जात नाही. पाय सुजत जातो, गाठीला तोंडं फुटतात, पू वाहतो आणि पुवातून बारीक दाणे बाहेर पडू लागतात.

हा मायसेटोमा. 1842 साली मदुराईत त्याची नोंद झाली, म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ असंही म्हणतात. मायसेटोमा हे नाव मात्र मुंबईचं. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी ते दिलं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या गाजलेल्या ग्रंथातली चित्रं काढणारे ते हेच. पुढे काही वर्षं ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. या आजारामागे बुरशी आहे हे त्यांनी ओळखलं आणि 1874 साली त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला.

पण ते अर्धंच खरं होतं. हुबेहूब असाच पाय जमिनीतले काही जिवाणूही करतात. वरून बघून फरक सांगणं अवघड, आणि उपचार तर पूर्ण वेगळे. म्हणून सगळी मदार त्या दाण्यावर.

गाठीच्या वाहणाऱ्या तोंडावर रात्रभर ओलसर गॉज बांधून ठेवतात. सकाळी त्यावर मोहरीहून लहान दाणे चिकटलेले दिसतात. काळा असेल तर बुरशी, लाल असेल तर जिवाणू. पांढरा किंवा पिवळट असेल तर दोन्ही शक्यता उरतात. मग तो धुऊन, दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. बुरशीचे तंतू जाड, मध्ये पडदे असलेले दिसतात. जिवाणूंचे जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या रुंदीचे. शंका राहिलीच तर गाठीचा तुकडा काढून तपासतात. हाड किती पोखरलंय हे एक्स-रे आणि एमआरआय सांगतात.

जिवाणू निघाले तर प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण बरे होतात, पाय वाचतो. म्हणून दाणा न बघता औषध सुरू करणं किंवा थेट पाय कापायचा निर्णय घेणं मला अक्षम्य वाटतं. बुरशी असेल तर लढाई लांबते: इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध निदान वर्षभर, मध्ये शस्त्रक्रिया, आणि एवढं करूनही आजार उलटू शकतो. उशीर झालेल्यांचा पाय कापावाही लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं ते 2016 साली, कार्टर यांच्या ग्रंथानंतर 142 वर्षांनी. सर्वाधिक झळ सोसणाऱ्या देशांपैकी एक म्हणजे सुदान. तिथल्या खार्टूममध्ये 104 रुग्णांवर फॉसरॅवुकोनॅझोल या नव्या औषधाची चाचणी झाली. निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. नवं औषध इट्राकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं नाही. पण इट्राकोनॅझोल रोज, तेही भरल्या पोटी घ्यावं लागतं. घरात दोन वेळची भ्रांत असताना वर्षभर ते कसं जमणार? नवं औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं, आणि पोट भरलेलं असण्याची त्याला अट नाही.