चकवा आणि उलटे आटे

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत आम्ही चौघं एक लपवलेला डबा शोधत उभे होतो आणि चार फोन चार दिशा दाखवत होते. माझ्या भाच्याच्या फोननुसार डबा समोरच्या कातळात वीस मीटर आत होता. माझा फोन म्हणत होता, तो पाण्यात आहे. "वेताळाच्याच टेकडीवर आलोय, चकवा लागायचाच," मित्र म्हणाला.

माणसाला लागणारा चकवा खरा आहे, त्यातलं भूत तेवढं खोटं. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या शास्त्रज्ञांनी 2009 साली लोकांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते सरळ चालले. तो ढगाआड गेला, की वळत वळत काही जण आपल्याच वाटेवर परत आले. फोनला लागणारा चकवा मात्र वेगळा. हा चकवा कडा, म्हणजे उभा कातळ, लावतो.

डबा पाचव्या मित्रानं आदल्या दिवशी लपवला होता. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. 2 मे 2000 रोजी अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रं एका रात्रीत वीस मीटरच्या आत आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थानं ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि उसळीचा डबाबंद टिन होता. तीन दिवसांत ती सापडली. डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा. नियम एवढेच.

मग प्रश्न येतो, "फोन पुरेल की वेगळं यंत्र घेऊ?" त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही, नुसता ऐकतो. इंटरनेटमुळे उपग्रहांचं वेळापत्रक चटकन मिळतं, एवढंच. ते नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला 50 बिट अशा कासवगतीनं यायला अर्धा मिनिट लागतं. नकाशा घरूनच उतरवून घ्या म्हणजे झालं. आणि "जीपीएस बूस्टर" नावाची ॲप तुमच्या जाहिराती वाढवतात, सिग्नल नव्हे. अँटेना हा धातूचा तुकडा असतो, ॲप त्याला लांब करू शकत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. उपग्रह 20,200 किलोमीटरवर आहेत. संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून यंत्र अंतर काढतं. एका नॅनोसेकंदात प्रकाश 30 सेंटिमीटर जातो. कातळ तुमच्या मागे 15 मीटरवर असेल, तर त्यावर आपटून येणारा संदेश 30 मीटरपर्यंत जास्त फिरून, म्हणजे सुमारे 100 नॅनोसेकंद उशिरा येतो. यंत्राला वाटतं, उपग्रहच तेवढा लांब आहे. असे दोन-तीन उपग्रह फसवे निघाले, की डबा कातळाच्या पोटात.

पण परतून आलेल्या संदेशावर एक खूण असते. जीपीएसची लहर नुसती वरखाली हलत नाही, स्क्रूच्या आट्यांसारखी पिळत येते, आणि तो पीळ उजवा असतो. घरातला कुठलाही स्क्रू आरशासमोर धरा. प्रतिबिंबातल्या स्क्रूचे आटे उलटे दिसतील. कातळ किंवा इमारतीची भिंत हेच करते. उजव्या पिळाची लहर आपटली, की बरीचशी डाव्या पिळाची होऊन परतते. (लहर पृष्ठभागाला घासून गेली, म्हणजे फार तिरपी पडली, तर पीळ पुरता उलटत नाही. तो हिशोब इथे सोडून देतो.)

गार्मिन कंपनीच्या जीपीएसमॅप 66 किंवा 67 या हातात धरायच्या यंत्रांच्या डोक्यावर एक जाडसर शेंडी असते. तिच्यात चार तारा पिळून बसवलेल्या असतात आणि त्यांचा पीळ उजव्या लहरीशी जुळतो. डाव्या पिळाची लहर तिला बरीच कमी ऐकू येते. उलट्या आट्यांचा नट स्क्रूवर चढत नाही, तसंच. फोनमध्ये शेंडीला जागा कुठली? तिथे कडेला बसवलेली सपाट पट्टी असते. ती सरळ आलेल्या लहरीची निम्मी ताकद गमावते आणि उजवं-डावं तिला सारखंच. त्यात फोन आडवा धरला की आपलीच बोटं पट्टीवर येतात.

फोनवाल्यांनी याला दुसऱ्या बाजूनं उत्तर शोधलं. किल्ल्यावर कड्यासमोर "ओऽऽऽ" अशी लांब हाळी दिली, तर हाळी आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. एकच टाळी वाजवली तर प्रतिध्वनी सुटा ऐकू येतो. जीपीएसची जुनी एल-1 वारंवारता म्हणजे लांब हाळी. तिच्या संकेताचा एक तुकडा अवकाशात 293 मीटर पसरतो. नवी एल-5 म्हणजे टाळी, तिचा तुकडा 29 मीटरचा. तीस-पस्तीस मीटर उशिरा आलेला प्रतिध्वनी तिच्यात वेगळा ओळखता येतो. 2018 साली शाओमी मी 8 या फोनमध्ये दोन्ही वारंवारता पहिल्यांदा आल्या. आयफोनमध्ये 2022च्या 14 प्रोपासून. मात्र थेट लहर कड्यानं पूर्ण अडवली असेल आणि नुसता प्रतिध्वनीच पोचत असेल, तर एल-5चाही इलाज चालत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. शहरात, बागेत, माळावर फोन पुरतो. अमेरिकी सरकारच्याच आकड्यानुसार उघड्या आभाळाखाली स्मार्टफोन साधारण 4.9 मीटरच्या आत अचूक असतो. नवा घेणार असाल तर एल-5 आहे का बघा. अँड्रॉइडवर जीपीएसटेस्ट हे मोफत ॲप ते दाखवतं. "स्वदेशी नाविक (भारताची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) चालतं" एवढं खोक्यावर वाचून भुलू नका, खोक्यावर अँटेनाबद्दल अवाक्षर नसतं. दऱ्याखोऱ्यांत, दाट झाडीत, पावसात वरचेवर जाणार असाल तर शेंडीवालं यंत्र घ्या. ओल्या बोटांनी त्याची बटणं दाबता येतात. पैसे कमी असतील तर गार्मिनचंच ईट्रेक्स एसई आहे, दोन पेन्सिल सेलवर 168 तास, असं कंपनी म्हणते. सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात.

स्क्रीनवर "अचूकता 3 मीटर" आलं म्हणून हुरळून जाऊ नका. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ, तुम्ही त्या वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के. तीनपैकी एकदा तुम्ही बाहेरच असता. शिवाय लपवणाऱ्याची चूक निराळी. आमच्या मित्रानं कातळाला टेकून एकदाच बटण दाबलं होतं. दीड-दोन तासांच्या अंतरानं चार-पाचदा नोंदी घेऊन सरासरी काढली असती तर उपग्रह हललेले असते, प्रतिध्वनी बदलले असते आणि चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन गेल्या असत्या.

चौथ्याचा फोन मात्र निर्दोष निघाला. तो सहाशे मीटर उत्तरेला बोट दाखवत होता, कारण या खेळात अक्षांश 18° 31.500′ असा दशांश मिनिटांत लिहितात आणि त्यानं तो 31 मिनिटं 50 सेकंद असा वाचून भरला होता. तीस सेकंदांच्या जागी पन्नास!

शेवटी आम्ही खाणीपासून चाळीस-पन्नास पावलं मागे, मोकळ्यावर आलो. तिथे फोनांचं बरंचसं एकमत झालं. दिशा ठरवली, समोरचं एक बोरीचं झुडूप खूण म्हणून धरलं, फोन खिशात टाकले आणि नजरेनं चालत गेलो. झुडपाच्या अलीकडे तीन दगड जरा जास्तच नीट रचलेले होते. आत स्टीलचा डबा, वही आणि चिंचेच्या गोळ्या. भाच्यानं वहीत तारीख आणि वेळ टाकली आणि खाली लिहिलं, "मामाचा फोन पोहायला गेला होता."