नादुरुस्त साठवण साधनांतून डिजिटल पुरावा मिळवणे

पडलेली, भिजलेली, जळालेली किंवा नुसतीच बंद पडलेली हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड वा मोबाइल यांतील माहिती न्यायालयात टिकेल अशा रीतीने बाहेर काढण्याचे काम. हा न्यायसहायक विज्ञानाचा भाग आहे. ‘डेटा रिकव्हरी’ करून देणाऱ्या दुकानात आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत हत्यारे पुष्कळदा सारखीच असतात. पण लग्नाचे फोटो गिऱ्हाइकाच्या हाती दिले की दुकानदार मोकळा होतो. प्रयोगशाळेला मात्र ते कुठून, कसे आणि किती मिळाले याचा हिशेब उलटतपासणीत द्यावा लागतो.

हार्ड डिस्क. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या आरशासारख्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारे हेड त्यांच्यावरून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. डिस्क पडली की हेड वाकते किंवा तबकडीवर टेकते, आणि मग तो ओळखीचा ‘टक्-टक्’ आवाज येऊ लागतो. हेडला आपली जागा सापडत नाही, ते मागे फिरते, पुन्हा शोधायला जाते. हा आवाज ऐकूनही ‘एकदा परत लावून बघू’ म्हणणारा माणूस पुराव्याचे जेवढे नुकसान करतो तेवढे पहिल्या पडण्यानेही बहुधा झालेले नसते. तुटके हेड फेऱ्यागणिक चुंबकीय थर खरवडते. जो थर भुकटी होऊन उडाला, त्यातली माहिती कोणतेच यंत्र परत आणू शकत नाही.

अशी डिस्क क्लीन रूममध्येच, म्हणजे धूळ गाळून काढलेल्या हवेच्या खोलीतच, उघडतात. या कामासाठी सर्रास सांगितल्या जाणाऱ्या, हवेच्या स्वच्छतेच्या आयएसओ वर्ग ५ मध्ये एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. हेड बदलायचे तर त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच घडणीची दुसरी चालू डिस्क लागते. तिला ‘डोनर’ म्हणतात. नवे हेड किती तास टिकेल याची खात्री नसते, त्यामुळे ते बसताच सगळे कामाला लागतात. सर्किट बोर्ड जळाला असेल तर पूर्वी तसाच दुसरा लावून भागत असे. आता बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांची जुळणी नोंदलेली असते, म्हणून ती चिप उचलून नव्या बोर्डावर बसवावी लागते. कधी तबकड्या आणि हेड ठणठणीत असतात, पण डिस्कचे स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, बिघडलेले असते. ते तबकडीच्याच राखीव भागात असते आणि दुरुस्त करायला खास उपकरणे लागतात.

आगीपेक्षा ओरखडा वाईट, याचे गाजलेले उदाहरण कोलंबिया यानाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी हे यान वातावरणात शिरताना फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अवशेषांत झेनॉन वायूच्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क सापडली. ती बाहेरून वितळली होती, धूळ आत शिरली होती, तरी तबकड्या साफ करून नव्या यंत्रणेवर बसवल्यावर सुमारे ९९ टक्के माहिती वाचता आली. संगणक जुन्या डॉस प्रणालीवर चालत होता. तिने माहिती विखरून न ठेवता सलग लिहिली होती, आणि खराब झालेला भाग नेमका रिकामा होता. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. कौशल्य होतेच, पण नशिबाचा वाटाही मोठा होता.

पाण्यात बुडालेली डिस्क आणणाऱ्याला ‘वाळवू नका’ असे सांगावे लागते, आणि ते त्याला पटत नाही. पाणी उडून जाते, गाळ आणि क्षार मात्र तबकडीवर चिकटून बसतात. ओली वस्तू तशीच हवाबंद पिशवीत घालून लवकर पोहोचवणे बरे. मोबाइल तांदळाच्या डब्यात आणि हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचे उपाय पुराव्याच्या बाबतीत तरी विसरावेत. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरते.

प्रतिमा घेणे. प्रतिमा म्हणजे डिस्कची बिटागणिक हुबेहूब प्रत. बिघडलेली डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत सुटणे हा अडाणीपणा आहे. खराब जागेवर अडकून हेड तिथेच मरते आणि पुढचा चांगला भाग हातचा जातो. म्हणून आधी सहज मिळते ते घ्यायचे, अडेल तिथून उडी मारून पुढे जायचे आणि अवघड सेक्टर (डिस्कवरचे वाचनाचे छोटे तुकडे) शेवटी हळूहळू कुरतडायचे. ‘डीडीरेस्क्यू’ हे मुक्त सॉफ्टवेअर याच पद्धतीने चालते आणि कुठला भाग मिळाला, कुठला राहिला याचा नकाशा एका फाइलीत लिहीत जाते.

हा नकाशा पुराव्याच्या दृष्टीने प्रतिमेइतकाच मोलाचा असतो. चांगल्या डिस्कची प्रतिमा दहा वेळा घ्या, तिचे हॅश मूल्य दहाही वेळा तेच येईल. शा-२५६ सारख्या गणिती सूत्रातून निघणारा हा आकडा म्हणजे प्रतिमेचा अंगठाच. मरत्या डिस्कचे तसे नसते. सकाळी वाचलेला सेक्टर दुपारी वाचला जात नाही, आणि एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण बदलते. त्यामुळे ‘मूळ डिस्कशी हॅश जुळवून दाखवा’ ही मागणी इथे पुरी करता येत नाही. दाखवता येते ते एवढेच, की प्रतिमा घेतल्या क्षणापासून ती बदललेली नाही, आणि न वाचलेल्या जागा अमुक आहेत. त्या जागा शून्यांनी भरल्या असतील तर अहवालात तसे लिहावेच लागते. नाहीतर ‘इथे काहीच नव्हते’ असा अर्थ निघतो.

फ्लॅश स्मृती. पेन ड्राइव्ह, एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपांची डिस्क) आणि मोबाइल यांत फिरते भाग नसतात, पण काम सोपे होत नाही. नियंत्रक चिप माहितीचे तुकडे सगळीकडे पसरून ठेवते. ती गेली की स्मृती चिप काढून थेट वाचावी लागते आणि तुकड्यांचा क्रम लावावा लागतो. एअर फ्रान्सचे १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये पडलेले विमान घ्या. त्याचे रेकॉर्डर (‘ब्लॅक बॉक्स’) मे २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवरून काढले आणि त्यांतल्या स्मृती चिपांवरील नोंदी वाचता आल्या. एसएसडीत उलट होते. ट्रिम आज्ञा, म्हणजे ‘या जागा आता नकोत’ असा संगणकाचा निरोप, मिळाली असेल तर ती नुसती वीज मिळताच पुसलेल्या जागा आतल्या आत साफ करू लागते. लेखन रोखणारे उपकरण जोडूनही हे थांबत नाही. मोबाइलची चिप काढण्याचा जमाना तर एन्क्रिप्शनने, म्हणजे माहिती किल्लीने कुलूपबंद करण्याच्या पद्धतीने, जवळपास संपवला आहे. किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असल्यामुळे एकटी स्मृती चिप म्हणजे गिचमिड. फोन फुटला असेल तर प्रोसेसर आणि स्मृती दोन्ही उचलून चालू बोर्डावर बसवतात, आणि पासकोड लागतो तो लागतोच.

कायदा. डिजिटल नोंदी पुरावा म्हणून कशा मांडायच्या यासाठी भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे; आधी हे काम १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६५-ब करत असे. नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, त्यात हॅश मूल्यही लिहावे लागते. संगणक संबंधित काळात नीट चालत होता, किंवा बिघाडाचा नोंदीच्या अचूकपणावर परिणाम झालेला नाही, अशीही या कलमाची अट आहे. त्यामुळे डिस्क नोंद होताना आजारी होती की नंतर पडली, हा प्रश्न तज्ज्ञाला टाळता येत नाही.

प्रमाणपत्राची सक्ती पक्की झाली ती जालन्याच्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरले का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते आणि सीडींसोबत प्रमाणपत्र नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मूळ साधनच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्र नको, एरवी हवेच. मेलेल्या डिस्कला पहिली वाट बंदच असते. ती हजर करता येते, पण चालवून दाखवता येत नाही.

उघडलेली डिस्क बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला पुन्हा तपासता येईलच असे नाही. म्हणून झाकण काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, डोनरचा अनुक्रमांक, कोणते हेड किती वेळ चालले याची नोंद, आणि काढलेले वाकडे हेड, हे सगळे मुद्देमालाच्या त्याच सीलबंद पाकिटात जाते.