अल उलब्रिक्सन आणि वॉशिंग्टन विद्यापीठाची रोइंग टीम

अल उलब्रिक्सन (१९०३–१९८०) हे अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोइंग कोच होते, १९२७ पासून १९५८ च्या सीझनपर्यंत, म्हणजे तीस वर्षांच्या वर एकाच पदावर. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीत सोनं जिंकणारी टीम त्यांची, आणि बहुतेकांना त्यांचं नाव तेवढ्यावरूनच माहीत असतं. पण कोच म्हणून त्यांचं खरं काम बघायचं असेल तर त्या सहा मिनिटांच्या आधीची दोन-तीन वर्षं बघावी लागतात, कारण ती टीम त्यांना आयती मिळाली नव्हती, आणि पहिल्या प्रयत्नात त्यांना ती जमलीही नव्हती.

आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेजा-कॉलेजांमधली सगळ्यात जुनी स्पर्धा रोइंगचीच, १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली. मुख्य प्रकार आठ जणांचा. प्रत्येकाकडे एकच लांब वल्हं आणि तोंड मागच्या बाजूला, म्हणजे आपण कुठे चाललोय हे आठातल्या एकालाही दिसत नाही. पुढचं दिसतं फक्त नवव्याला, तो कॉक्सन, सुकाणू त्याच्या हातात आणि आवाजही त्याचाच. कॉक्सनच्या समोर तोंडाला तोंड करून बसतो तो स्ट्रोक, त्याच्या लयीवर बाकीचे सात. इथे एकट्याने जास्त जोर लावून काही होत नाही, उलट बोट वाकडी चालते. वल्हं पाण्यात पडतं तो क्षण आठही जणांचा एकच असावा लागतो, एकाचं जरा उशिरा पडलं तरी अख्ख्या बोटीला झटका बसतो. आणि ते जुळलं की बोट जणू आपोआप सरकते, त्याला तिकडे स्विंग म्हणतात. कोचची अख्खी करिअर या एका गोष्टीच्या मागे जाते, कारण स्विंग नेमका कधी येईल आणि कुठल्या आठ जणांत येईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही, सगळ्यात ताकदवान आठ पोरं एकत्र बसवली तरी नाही.

पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर ज्यांनी मुळेत वल्ही मारली आहेत किंवा नुसता रेगाटा बघायला जाऊन बसलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला, तो खेळ हाच, फक्त तो एकट्याच्या बोटीचा प्रकार होता. तिथे चूक आपली आणि लयही आपलीच.

वॉशिंग्टनमध्ये हा खेळ रुजवला हायरम कॉनिबेअर यांनी. १९०७ मध्ये ते कोच झाले तेव्हा त्यांना रोइंगचा ओ की ठो कळत नव्हता, ते मूळचे अ‍ॅथलेटिक्सवाले, आधी शिकागोच्या बेसबॉल टीमचे ट्रेनर. शरीर वल्हं कसं ओढतं हे समजावं म्हणून त्यांनी विद्यापीठातला हाडांचा सांगाडा आणून वल्हेकऱ्यासारखा बसवला होता अशी आठवण तिथे अजून सांगतात. १९१७ मध्ये प्लमच्या झाडावरून पडून ते गेले. पण जायच्या आधी त्यांनी एक फार मोठं काम करून ठेवलं होतं, जॉर्ज पोकॉक नावाच्या इंग्लिश बोट बनवणाऱ्या कारागिराला सिएटलला आणलं होतं. पोकॉकचं घराणंच बोटी बनवणाऱ्यांचं. पुढे पहिल्या महायुद्धात नौदलाने विमानांसाठी बांधलेला एक लाकडी हँगर विद्यापीठाला बोटहाऊस म्हणून मिळाला, त्याच्या वरच्या माळ्यावर पोकॉकचं वर्कशॉप होतं आणि खाली पोरं बोटी उचलायची. वर रेड सीडर लाकडाची पातळ फळी वाफेवर मऊ करून साच्यावर वाकवली जायची, साठ फुटांच्या वर लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद बोटीची ती कातडी, जाडी काही मिलीमीटरच. चुकून पाय जोरात पडला तर आरपार. त्यामुळे बोटीत पाय कुठे ठेवायचा हे पोरांना वल्हं हातात द्यायच्या आधी शिकवायचे.

उलब्रिक्सन याच बोटहाऊसमध्ये वाढले. कोच रस्टी कॅलो यांच्या हाताखाली ते स्ट्रोक होते, १९२४ आणि १९२६ मध्ये हडसन नदीवर पोकीप्सीला होणारी राष्ट्रीय शर्यत त्यांच्या बोटीने जिंकली. १९२७ मध्ये कॅलो पेनसिल्व्हेनियाला गेले आणि पंचविशीच्या आतच उलब्रिक्सन मुख्य कोच झाले. माणूस अबोल. कौतुक करायचं तर अगदी क्वचित, तेही एखाद्या शब्दात, पेपरवाल्यांनी त्यांचं नावच अबोल डेन असं पाडलं होतं. पोरांना त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही आणि त्याचा त्रासही व्हायचा, हे खरं आहे. शिवाय डोक्यावर प्रतिस्पर्धी कॅलिफोर्निया विद्यापीठाचं ओझं होतं. तिथले कोच कॅरोल ‘काय’ एब्राइट हे वॉशिंग्टनचेच जुने कॉक्सन, आणि त्यांच्या बोटीने १९२८ आणि १९३२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं नेली. आपल्याच घरात शिकलेला माणूस समोरच्या काठावर उभा राहून जिंकतोय हे बघणं कुठल्याही कोचला सोपं जात नाही.

टीम बांधणीची सुरुवात दर वर्षी ऑक्टोबरात फर्स्ट इयरच्या पोरांपासून व्हायची. तो काळ मंदीचा, १९३३ च्या बॅचला दीडशेच्या वर पोरं आली होती, बहुतेकांनी आयुष्यात वल्हं धरलेलं नव्हतं. शेतावरची, लाकूडतोड्यांची, मच्छीमारांची पोरं. त्यांना ओल्ड निरो नावाच्या रुंद, जड पडावात सोळा-सोळा जण बसवून शिकवायचे. हातांना फोड यायचे, वरून सिएटलचा पाऊस, आणि रोज थोडी थोडी गळत जायची. कोचने कुणाला काढायची फारशी गरजच पडायची नाही. या नवख्यांचे कोच होते टॉम बोल्स, आणि हे लिहायलाच हवं की उलब्रिक्सनच्या यशात बोल्सचा वाटा फार मोठा आहे, पाया त्यांनी घालून दिला. १९३६ नंतर ते हार्वर्डला गेले.

१९३५ मध्ये उलब्रिक्सननी एक डाव टाकला. सेकंड इयरची एक अख्खी बोट, जी आदल्या वर्षी नवख्यांमध्ये जिंकली होती, तिच्यावर त्यांनी ऑलिंपिकची आशा ठेवली आणि तिला वरचा दर्जा दिला. झालं काय, की सीनियर पोरं दुखावली आणि दोन्ही बोटी एकमेकींवर खार खाऊ लागल्या. वेगही कधी असायचा कधी नाही. शेवटी पोकीप्सीला त्यांनी निर्णय फिरवला, सेकंड इयरवाले ज्युनियर व्हर्सिटीत, म्हणजे विद्यापीठाच्या दुसऱ्या फळीच्या शर्यतीत उतरले आणि जिंकले, आणि मुख्य शर्यतीत वॉशिंग्टन तिसरं आलं, पहिलं कॅलिफोर्निया.

पुढच्या वर्षी त्यांनी बोटींमधले जुने गट फोडले. याला इथून काढ, त्याला तिथे बसव, दोन दिवसांनी परत बदल, असं आठवडेच्या आठवडे चाललं. जो रँट्झ हा पोरगा त्यात सारखा वर-खाली होत होता. लहानपणी घरच्यांनी मागे सोडून दिलेला, उन्हाळ्यात ग्रँड कूली धरणावर मजुरी करून फी भरणारा, ताकद भरपूर पण दुसऱ्यावर विसंबायची सवयच नाही. उलब्रिक्सनना ते स्वतः बोलून सांगता येईना, तेव्हा त्यांनी पोकॉकना त्याच्याशी बोलायला सांगितलं. आपल्याला जे जमत नाही ते कोणाला जमेल हे कोचला कळणं, मला वाटतं त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. शेवटी रँट्झ आत आला आणि बोट एकदम पळायला लागली. स्ट्रोक डॉन ह्यूम, कॉक्सन बॉब मॉक, काही जण त्या जुन्या सेकंड इयरच्या बोटीतले, काही त्यांच्याशी खार खाणाऱ्या बोटींमधले.

त्या उन्हाळ्यात पोकीप्सीला वॉशिंग्टनने नवखे, ज्युनियर व्हर्सिटी आणि व्हर्सिटी अशा तिन्ही शर्यती मारल्या. मुख्य शर्यत चार मैलांची होती. मग प्रिन्स्टनला दोन हजार मीटरची ऑलिंपिक निवड चाचणीही जिंकली, आणि तिथे कळलं की बर्लिनला जायचे पैसे स्वतःचे स्वतः उभे करायचे. पाच हजार डॉलर सिएटलच्या लोकांनी दोन-तीन दिवसांत जमवले. बर्लिनमध्ये ह्यूम आजारी पडला, इतका की उलब्रिक्सननी त्याच्या जागी बदली खेळाडू बसवायचं ठरवलं, पण बाकीच्यांनी येऊन सांगितलं, तो फक्त बोटीत बसू दे, आम्ही ओढतो. अबोल कोचने ऐकलं. १४ ऑगस्ट १९३६, ग्रुनाउ, सगळ्यात जास्त वारा लागणारी सहावी लेन, सुटायचा इशाराही नीट ऐकू आला नाही आणि अर्ध्या अंतरापर्यंत अमेरिकेची बोट मागेच होती. शेवटी वॉशिंग्टन ६:२५.४, इटली ६:२६.०, जर्मनी ६:२६.४. पहिल्या आणि तिसऱ्या बोटीत एक सेकंद, आणि समोर हिटलर बसलेला.

१९३७ मध्ये पोकीप्सीच्या तिन्ही शर्यती पुन्हा जिंकल्या, मग १९४०, १९४१, १९४८ आणि १९५० मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतली व्हर्सिटीची शर्यत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वॉशिंग्टनच्या चौघांनी कॉक्सनसह चौकडीचं सोनं आणलं, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याच प्रकारात ब्राँझ.

शेवटचं वर्ष चमत्कारिक होतं. विद्यापीठाच्या फुटबॉल टीममधल्या पैशांच्या भानगडीमुळे शिक्षा झाली आणि त्यात रोइंगवाल्यांनाही राष्ट्रीय शर्यत बंद. चूक कुणाची आणि भोगलं कुणी, याचा राग तिथल्या जुन्या लोकांना बरीच वर्षं होता. मग १९५८ मध्ये उलब्रिक्सन पोरांना घेऊन इंग्लंडला हेन्लीला गेले, तिथे लेनिनग्राडच्या ट्रूड क्लबकडून हरले, आणि लगेच त्याच महिन्यात मॉस्कोला जाऊन खिमकी जलाशयावर त्याच ट्रूडला हरवून आले. त्या सीझननंतर त्यांनी काम सोडलं.

बर्लिनला जिंकलेली बोट, हस्की क्लिपर, पोकॉकनी वरच्या माळ्यावर बनवलेली, ती अजून आहे. कॉनिबेअर यांच्या नावाच्या बोटहाऊसमध्ये मुलं जेवायला बसतात त्या हॉलच्या छताला टांगलेली असते.