80 डेसिबल म्हणजे 40 ची दुप्पट नव्हे

नागपूर विमानतळाच्या आसपासच्या गावांत एक हिशेब वर्षानुवर्षे ऐकू येतो: "रात्री गावात 40 डेसिबल, विमान गेलं की 80. म्हणजे दुप्पटच ना, त्यात काय एवढं?" हा हिशेब साफ चुकीचा आहे. आणि रात्री दचकून रडणाऱ्या लेकराला मांडीवर थोपटत बसलेल्या आईला तोच ऐकवला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

डेसिबल हे किलो-लिटरसारखं माप नाही. दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. 40 वरून 80 म्हणजे चार वेळा दहापट, म्हणजे 10,000 पट! कानाला दर 10 डेसिबलला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे ऐकायलाही तो सोळापट मोठा.

खळ्यावर सोयाबीन काढताना बघा. एका मळणीयंत्राचा आवाज 90 असेल, तर शेजारी तसंच दुसरं सुरू केल्यावर 180 होत नाही, 93 होतो. मोकळ्या रानात यंत्रापासूनचं अंतर दुप्पट केलं, की साधारण 6 डेसिबल कमी होतात.

आता सरासरीचं. 40 डेसिबलच्या शांत रात्री तासाभरात एकच विमान 30 सेकंद 80 डेसिबलनं गेलं, तर त्या तासाची सरासरी (ती आवाजाच्या ऊर्जेची काढतात) 59 डेसिबलच्या आसपास येते. म्हणून कुणी मोजणीचा आकडा दाखवला, तर आधी विचारा: हा सरासरीचा की विमान डोक्यावर असतानाचा? दोन्ही लिहून घ्या.